ओल्ड कोर्स सोडून ब्रोराला जायचं, म्हणजे वेडेपणा आहे का?

उद्यमबागवाला
पुढच्या जूनमध्ये आम्ही चौघे गोल्फ खेळायला स्कॉटलंडला जाऊलालोय. दहा दिवस. तिघांचं एक मत आहे, चौथ्याचं वेगळं, आणि त्याचा आवाज तिघांपेक्षा मोठा. म्हणून धागा काढला.

माझं म्हणणं असं. सेंट अँड्र्यूज (ओल्ड कोर्स तिथलाच), कार्नूस्टी, टर्नबेरी ही टीव्हीवरची नावं सोडून द्यायची. इनव्हर्नेसला उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जायचं: फोर्ट्रोज, टेन, गोल्स्पी, शेवटी ब्रोरा. चारही जुनी मैदानं. टेन ओल्ड टॉम मॉरिसने 1890 मध्ये आखलं. ब्रोरा आखलं जेम्स ब्रेडने, ज्याने पाच वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. म्हणजे कारागीर नामांकितच, फक्त पाटी लहान.

ज्यांना लिंक्स म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: समुद्र आणि पिकाऊ जमीन यांच्या मधला वाळूचा पट्टा. नांगर चालत नाही, पीक येत नाही, गवत तेवढं येतं, आखूड आणि चिवट. माझी फौंड्री आहे, त्यामुळे मला ते वाळूतूनच कळतं. मोल्डिंगच्या वाळूतून गॅसला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगला भोकं पडतात. तिथे पाण्याची तीच गोष्ट. कितीही पाऊस पडो, खाली निघून जातो आणि जमीन टणक राहते. बॉल पडला की थांबत नाही, पळतो. हा खेळच वेगळा आहे, आणि तो खेळायला मोठं नाव लागत नाही.

ब्रोराला तर मैदानावर गाई-मेंढ्या चरतात. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, पाय पडू नये म्हणून भोवती विजेच्या बारीक तारा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ते गायरान आहे, चरायचा हक्क तिथल्या शेतकऱ्यांचा. मला हे बघायचंय.

कॅम्पातला निवृत्त
चौथा मी. आवाज मोठा आहे कारण आयुष्यभर परेडवर गेला.

काशीला जायचं आणि विश्वनाथ सोडून घाट बघून यायचं, असला हा बेत आहे. मी 64 वर्षांचा आहे, गुडघा एक बदललाय. स्कॉटलंडला दुसऱ्यांदा कोण नेणार मला? ब्रोराला गाई आहेत म्हणे. गाई बघायला मी येळ्ळूरला चालत जाईन.

आणि नाव मोठं म्हणजे श्रीमंतांचा अड्डा, हा जो सूर आहे तो चूक आहे. ओल्ड कोर्स खासगी क्लबाचा नाही. 1552 च्या सनदेने त्या वाळवंटावर खेळायचा हक्क गावकऱ्यांना कायम केला. म्हणजे तेसुद्धा गायरानच की! आज ते एक ट्रस्ट सांभाळतो, आणि हँडिकॅपचं, म्हणजे खेळाच्या पातळीच्या आकड्याचं, प्रमाणपत्र असलेला कुणीही बाहेरचा माणूस सोडतीत नाव टाकू शकतो. सात ग्रीन जोडीचे आहेत, दोन भोकांना मिळून एक, आणि प्रत्येक जोडीतल्या भोकांच्या क्रमांकांची बेरीज 18. हे कागदावर वाचून कळत नाही. मुंबईच्या मोठ्या क्लबात मला दारातून आत घेणार नाहीत, तिथे घेतात. मग सोडायचं कशाला?

उद्यमबागवाला
मेजरसाब, सोडत दोन दिवस आधी. खेळायचं बुधवारी तर सोमवारी दुपारी दोनच्या आत नाव टाकायचं, संध्याकाळी निकाल. लागली नाही तर परत दुसऱ्या दिवशी. दहातले चार दिवस हॉटेलात मोबाईलकडे बघत बसणार आपण? आणि लागली तर माणशी तीनशे पौंडांच्या वर. कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, वेगळा.

शहापूरचा हातमाग
वाचून करमणूक झाली. तीनशे पौंड म्हणजे तीस हजारांच्या वर. एका दिवसाच्या खेळाचे. आमच्या गल्लीत तेवढ्यात एका मागाचं वर्षाचं सूत येईल कदाचित.

गोल्फ म्हणजे आपल्याकडे साहेबाचा खेळ, खरं सांगा, यातल्या किती जणांना गावात मैदान कुठे आहे ते ठाऊक होतं? 2022 च्या ऑगस्टमध्ये बिबट्या गोल्फच्या झाडीत शिरला, तेव्हा निम्म्या बेळगावला कळलं. शाळा बंद, हत्ती आणले, कॅमेरे लावले, बिबट्या काही गावला नाही. तेवढीच आमची गोल्फशी ओळख.

उद्यमबागवाला
पैशाचं बोलणं मान्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. स्वतःचेच घालतोय एवढंच. म्हणून तर मोठ्या नावाला नको म्हणतोय.

खानापूरकर, मुक्काम ॲबर्डीन
इथे राहून अकरा वर्षं झाली, थोडं दोन्ही बाजूंना टोचतो.

पहिलं, ब्रोरा आता 'कुणाला माहीत नसलेलं' राहिलेलं नाही. जवळच रॉयल डॉर्नॉक हे मोठ्या नावाचं मैदान आहे, तिथे येणारे अमेरिकन दुसऱ्या दिवशी ब्रोरालाच जातात. फीसुद्धा पूर्वीसारखी किरकोळ नाही. आडबाजूचं म्हणून जाल आणि बसमधून उतरणाऱ्यांच्या मागे उभे राहाल. खरोखर शांतता हवी असेल तर गोल्स्पी धरा. थोडं लिंक्स, थोडं झुडपांचं माळरान, थोडी झाडी, एकाच फेरीत तिन्ही. किंवा माझ्या बाजूला फ्रेझरबर्गला या. क्लब 1777 चा आहे, गाव मासेमारीचं, मिरवण्यासारखं काही नाही, आणि वारा असा की छत्री उघडायची हिंमत होत नाही.

दुसरं, प्रवास. गाडी चालवायला अडचण नाही, आपल्यासारखीच डावी बाजू. उत्तरेला पुढे गेलं की काही रस्ते एकच गाडी मावेल एवढे, समोरून कुणी आलं की बाजूला थांबायची जागा केलेली असते. पावसाळ्यात चोर्ल्यातून गोव्याला गेलेल्या माणसाला ते काहीच नाही. गाडी नको असेल तर इनव्हर्नेसहून विक-थर्सोकडे जाणारी रेल्वे टेन, गोल्स्पी, ब्रोरा तिन्हीकडे थांबते. डॉर्नॉकला मात्र नाही, तिथला फाटा 1960 मध्येच बंद झाला. दिवसाला गाड्या मोजक्या, चुकली तर स्टेशनवर बसून राहायचं. लोंढ्याला बसलोय तसं.

तिसरं, आणि हे कुणी सांगत नाही: छोट्या क्लबात शनिवारी सभासदांच्या स्पर्धा असतात. न विचारता शनिवारी गेलात तर बाहेरूनच परत. आधी ईमेल करा. उत्तर बहुतेक सेक्रेटरी स्वतः देतो, आणि नीट देतो.

टिळकवाडीची वहिनी
चौघे म्हणजे चार नवरे. बायका येणार की नाहीत याचा या धाग्यात कुठेच पत्ता नाही. येणार आहोत, मी सांगते.

मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण नकाशा बघितला. फोर्ट्रोजचं मैदान समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर आहे आणि तिच्या टोकाला डॉल्फिन किनाऱ्याजवळ येतात. गोल्स्पीच्या बाहेर डनरॉबिनचा राजवाडा आहे. टेनला आणि ब्रोराला दारूच्या भट्ट्या आहेत, ते तुम्हाला आधीच माहीत असणार, म्हणूनच ही दोन गावं यादीत. सेंट अँड्र्यूजला निदान पडकं कॅथेड्रल आहे, विद्यापीठ आहे, चार दुकानं आहेत. मेजरसाबांच्या बाजूने माझं एक मत.

कॅम्पातला निवृत्त
वहिनी, तुम्हाला सॅल्यूट.

उद्यमबागवाला
वहिनी, मत देताना हेही धरा. ओल्ड कोर्स रविवारी खेळाला बंद असतो. त्या दिवशी ते गावाचं मैदान असतं, कुत्री घेऊन लोक फिरतात. स्विल्कनचा तो दगडी पूल, ज्यावर उभं राहून सगळे फोटो काढतात, रविवारी फुकट. पंढरपूरला आषाढीत चौदा तास रांगेत कोण उभं राहतो? कळसाला हात जोडून येतातच की लोक. एक रविवार सेंट अँड्र्यूज, बाकी उत्तर. तिथेच हिमालयाज नावाचं पटिंगचं, म्हणजे बॉल नुसता भोकाकडे घरंगळवायचं, मैदान आहे, 1867 साली बायकांच्या क्लबाने सुरू केलेलं. चार पैसे भरून कुणीही खेळतं. तुम्ही खेळा, आम्ही बघतो.

कॅम्पातला निवृत्त
कळस बघून मी कधी परत आलेलो नाही.

जुना बॅगवाला
मी इथल्या मैदानावर तीस वर्षं बॅगा उचलल्या. तिकडं गेलो नाही, खरं तुम्हा चौघांचा खेळ मला पाठ आहे, म्हणून बोलतो. राग मानू नका.

तुम्ही सगळे बॉल वर उडवता. ग्रीन पन्नास पावलांवर असला तरी वेज काढता, बॉल उंच उडवायची काठी ती. आपल्या ओल्या गवतात चालतं ते, बॉल पडला की चिकटतो. मे महिन्यात तांबडी माती तापून कडक झाली की तुमचाच बॉल ग्रीनवरून पलीकडं घरंगळत जातो, आणि शिव्या कॅडीला. उद्यमबागवाले साहेब सांगतात तशी तिथली जमीन असेल, तर तिथं बारा महिने मे आहे. वर आषाढातला वारा. बॉल जमिनीलगत ठेवायचा, सात नंबरच्या काठीने ढकलायचा, पळू द्यायचा. ग्रीनच्या बाहेरनं सुद्धा पटर, बॉल घरंगळवायची काठी, चालतो. हे आतापासून शिका. व्हिसाच्या आधी.

कुठलं मैदान, ते सांगायचं तर मोठ्या नावाच्या मैदानावर मागनं दर दहा मिनिटाला दुसरी टोळी येत असणार. मेजरसाब एका ग्रीनवर पटरचे सहा फटके मारतात. मागं कुणी उभं असलं की आठ.

खानापूरकर, मुक्काम ॲबर्डीन
बॅगवाले मामा, पैकीच्या पैकी. इथली म्हातारी माणसं अगदी असंच खेळतात. ऐंशीचा म्हातारा हातात सहा काठ्यांची लहान बॅग घेऊन येतो, बॉल गुडघ्याच्या वर जात नाही, आणि आपल्याला दहा फटक्यांनी हरवून घरी जेवायला जातो.

हो, अजून एक: बहुतेक ठिकाणी चालायचंच आहे. बग्गी मिळेलच असं नाही, डॉक्टरचं पत्र मागतात काही ठिकाणी. मेजरसाबांच्या गुडघ्यासाठी ढकलायची ट्रॉली ठरवा. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई नाही. थंडी मात्र आहे, दुपारीसुद्धा पारा साधारण सोळा अंशाच्या आसपास. वारा नसेल तेव्हा मिज नावाची चिलटं चावतात, तेव्हा वाऱ्याला नावं ठेवू नका.

शहापूरचा हातमाग
गाईचं शेण, चिलटं, थंडी, वारा, पायपीट. आणि पैसे आपण द्यायचे. देवराईत न्या मला, जांबोटीला, फुकटात.

उद्यमबागवाला
तुम्ही पण चला, वजन कमी होईल.

बरं, बॅगवाल्यांचं ऐकून आज सकाळी सात नंबर घेऊन गेलो. तीन बॉल बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, एक पळत पळत भोकापासून हातभर. त्या एकासाठी मी ब्रोराला जातोय. टेन आणि गोल्स्पीला ईमेल टाकले, गोल्स्पीचं उत्तर चहाच्या आत आलं. शनिवार सोडून कधीही या म्हणतात. व्हिसासाठी बंगळूर की पुणे, यावर कृपया इथे कुणी सीमाप्रश्न काढू नये.

कॅम्पातला निवृत्त
तुम्ही जा उत्तरेला, मी येतोच आहे. खरं जाताना दोन दिवस सेंट अँड्र्यूजला थांबायचं आणि दोन्ही दिवस सोडतीत नाव टाकायचं. लागली तर माझं नशीब, नाही लागली तर तुमची कळसवारी. नियम वाचला, निदान दोघांची टोळी लागते. एकट्याची सोडत वेगळी असते, खरं अनोळखी साहेबांबरोबर पटरचे सहा फटके मारायला मला लाज वाटते.

दुसरं नाव कुणाचं टाकू?

जुना बॅगवाला
माझं टाकू नका. माझा पासपोर्ट नाही.