करणी, मूठ, भानामती, चेटूक : एकच की वेगवेगळे?

पानसुपारी : एका गावाकडच्या कथेत 'करणी', 'मूठ' आणि 'चेटूक' हे तिन्ही शब्द दोन पानांत आलेत. संपादकांनी तिन्ही ठिकाणी 'जादूटोणा' करून टाकलं. मला ते खटकतंय, पण नेमका फरक सांगता येईना. जाणकारांनी सांगावं.

सीनाकाठ : खटकायलाच हवं. 'जादूटोणा' हे सगळ्यांचं मिळून नाव झालं. मूठ म्हणजे मंत्रून फेकलेले उडीद नाहीतर तांदूळ. ती 'मारतात', तीही लांबून, आणि माणूस तिथल्या तिथे आडवा होतो अशी समजूत. करणीला दम धरावा लागतो. म्हैस आटते, लेकरू खंगतं, सोयरीक मोडते, आणि मग कधीतरी उंबऱ्याखाली टाचण्या टोचलेलं लिंबू किंवा काळी बाहुली 'सापडते'. (ती नेमकी देवऋष्यालाच कशी सापडते, हे विचारायचं नसतं.) करणी 'उलटते', म्हणजे करणाऱ्यावरच फिरते. चेटूक मला जास्त पुस्तकी वाटतं. आमच्याकडे 'चेटकीण' गोष्टीत भेटते, भांडणात 'करणी' निघते.

पोटशब्द : 'करणी' मुळात वाईट नाही. 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणताना कुणी लिंबू शोधत नाही. साधी 'केलेली गोष्ट' एवढाच अर्थ. मात्र हे वळण जुनं आहे. अथर्ववेदात 'कृत्या' आहे, तिचा धातूही 'कृ'च, आणि दहाव्या कांडाचं पहिलंच सूक्त ती परतवून लावण्यासाठी आहे. म्हणजे 'उलटवणं'ही तेव्हापासूनचं!

बिब्बा : मराठवाड्यातून सांगतो. भानामतीचं खातं वेगळं. घरावर दगड पडतात, दांडीवरची लुगडी पेटतात, अंगावर फुल्या उठतात. फुल्यांचं म्हणाल तर बिब्ब्याचं तेल कातडीला लावून बघा, फोड येऊन डाग राहतो. (खरंच लावू नका.) बोलताना 'त्यांच्याकडे भानामती झाली' असंच जास्त ऐकू येतं, कुणी केली ते नंतर. शेजारच्या तेलंगणातही 'बाणामती' म्हणतात.

पानसुपारी : 'काळी जादू' चालेल का?

सीनाकाठ : पेपरात चालते. गावात कुणी 'आमच्यावर काळी जादू झाली' म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही. 'बाहेरचं आहे', 'कुणीतरी काहीतरी केलंय' इतकंच, तेही आवाज खाली करून.

पोटशब्द : कायद्यानेही काळी जादू घेतलेली नाही, 'जादूटोणा' घेतलाय. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी अधिनियम. त्याच्या अनुसूचीत जारणमारण, करणी, चेटूक हे शब्द वेगवेगळे आलेत, कारण त्या नावाखाली कुणाला मारहाण केली, धिंड काढली तर तो गुन्हा. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. गंमत नावात आहे : 'समूळ उच्चाटन'. तंत्रातल्या षट्कर्मांत, म्हणजे सहा प्रयोगांत, मारण, स्तंभन, वशीकरण यांच्या पंगतीला 'उच्चाटन' बसलेलं आहे, शत्रूला जागेवरून उठवून लावण्याचा प्रयोग. जादूटोण्याला त्याच्याच पोतडीतला शब्द लावलाय.

आक्षीकर : शापाचं कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखावर शापवचन आहे, शके 934. दानाची नोंद आणि असं शापवचन कोरलेल्या शिळांना गधेगाळ म्हणतात. वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती 'गाळ', म्हणजे शिवी. तिथे शिवी आणि शाप यांत फरकच नाही, 'शिव्याशाप' हा जोडशब्द उगाच नाही झाला.

सातपुडा : डाकीण आणि भुताळी राहिले. नंदुरबारकडे डाकीण, पालघरकडे वारल्यांत भुताळी. हे प्रकाराचे शब्द नाहीत, बाईला चिकटवायचे आहेत. एकदा चिकटला की तिने काही केलं का, हा प्रश्नच उरत नाही. कथेत त्यांच्या जागी 'चेटकीण' लिहिलं तर परीकथा होते, कृपया करू नका.

सीनाकाठ : सातपुडाताई, पटलं. पानसुपारी, तुम्ही नामं सोडा, क्रियापदं बघा. दृष्ट 'लागते', हाय 'लागते', तळतळाटही 'लागतो'. पाहणाऱ्याने मुद्दाम काही केलेलं नसतं. आजी मीठमोहऱ्या ओवाळताना 'आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची' म्हणून सगळ्या गावाला एकदम गुंडाळते, चुलीत टाकते, संपलं. करणी 'करतात', मूठ 'मारतात'. इथे कर्ता लागतो, आणि तो शोधायला माणसं निघतात. बहुतेक वेळा तो बांधाला बांध लागून असलेला भाऊबंद नाहीतर एकटी म्हातारी निघते. 'जादूटोणा' लिहिलं की ही बोट दाखवण्याची सोय जाते. कथेत कुणी कुणाकडे बोट दाखवतंय का?

पानसुपारी : हो, जाऊ सासूकडे.

सीनाकाठ : मग तिथे 'करणी'च ठेवा. मूठही राहू द्या. चेटकाचं तुम्ही आणि संपादक बघून घ्या.