एमएसमधला थकवा मेंदूच्या तपासणीत दिसतो का? ब्रेन मॅपिंग करावं का?

गोदाकाठ
माझ्या धाकट्या बहिणीला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार). गोळ्या चालू आहेत, नवीन अटॅक नाही, एमआरआय जैसे थे, न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात आजार कंट्रोलमध्ये आहे. पण थकवा असा की आंघोळ करून केस विंचरले की परत आडवी, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तर विचारूच नका. सासूबाई तोंडावर काही बोलत नाहीत पण "रिपोर्ट तर चांगला आलाय ना" हे रोज एकदा होतंच, आणि ऑफिसात एचआरला पण काहीतरी कागद हवाय. आता इथल्या एका क्लिनिकने सांगितलंय की क्यूईईजी ब्रेन मॅपिंग करा (म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतले विजेचे सिग्नल, ईईजी, घ्यायचे आणि कॉम्प्युटरने त्याचा नकाशा काढायचा), थकवा रंगीत नकाशावर दिसतो, आणि मग त्यावर सेशन्सचं पॅकेज. पैसे बरेच आहेत. खरंच दिसतं का असं? कोणी केलंय का?

टेन_ट्वेंटी
ताई, मी ईईजी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून चाला. डोक्यावरून जे सिग्नल येतात ते मायक्रोव्होल्टमध्ये, त्यामुळे पापणी हलली, दात आवळले, केसांना तेल असलं तरी घोळ होतो (म्हणून तर आम्ही शॅम्पू करून या म्हणतो). माणूस पेंगायला लागला की स्लो वेव्ह्ज म्हणजे संथ लहरी वाढतात, क्लोनाझेपाम (झोप-फिट्सची गोळी) घेत असेल तर बीटा या वेगवान लहरी वाढतात, रात्री झोप झाली नसेल तर अजून वेगळंच. नकाशावरचा लाल-निळा रंग म्हणजे तिचे आकडे कुठल्यातरी नॉर्मल लोकांच्या डेटाबेसपासून किती लांब आहेत एवढंच, का लांब आहेत ते त्यात कळत नाही. फिट्सची शंका असेल तर ईईजी करा बिनधास्त. थकव्याचं निदान त्यावरून करणारा न्यूरॉलॉजिस्ट मी तरी पाहिला नाही.

अटकमटक
थोडं वेगळं सांगतो. थकवा मेंदूत दिसतच नाही असं नाहीये. अमेरिकेत न्यू जर्सीला केसलर फाउंडेशन आहे, तिथल्या जॉन डेल्युका यांच्या टीमने २००८ मध्ये एमएसच्या पेशंटना फंक्शनल एमआरआयमध्ये (काम करताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते दाखवणारा स्कॅन) झोपवून एकच बौद्धिक काम परत परत करायला लावलं. निरोगी लोकांच्या मेंदूची धावपळ सरावाने कमी होत गेली आणि एमएसवाल्यांची वाढत गेली, मेंदूच्या आतला बेसल गँग्लिया हा भाग, पुढचा भाग वगैरे, आणि उत्तरं मात्र दोघांची जवळपास सारखीच बरोबर. म्हणजे बाहेरून काम तेच दिसतं, आत मेंदूला जास्त राबावं लागतं. हे सासूबाईंना वाचून दाखवा खरंतर. पण हा फरक दोन गटांच्या सरासरीत दिसतो, एकट्या माणसाचा स्कॅन बघून "ही थकलेली आहे" असं आज कोणी सांगू शकत नाही. शिवाय तो स्कॅन थेट मेंदूचं काम मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतो आणि त्यावरून अंदाज.

पडून_असते
मला एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, जरा कष्ट झाले की दिवसेंदिवस पाडणारा थकव्याचा आजार) आहे, म्हणून राहवलं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचचा (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) मोठा गाजावाजा झालेला अभ्यास आला, १७ पेशंट आणि २१ निरोगी, हाताने ग्रिप दाबायची, स्कॅन चालू. पेशंटमध्ये उजव्या बाजूच्या टेम्पोरो-पॅरायटल जंक्शन या मेंदूच्या भागाची हालचाल कमी दिसली. इथपर्यंत छान. पण त्याचा अर्थ काय लावला, तर "एफर्ट प्रेफरन्स", म्हणजे कष्टाची आवडनिवड! जगभरचे पेशंट चिडले, आणि बरोबरच चिडले, कारण ज्याला दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येणार नाही हे माहितीये तो आज जपूनच दाबणार ना. सांगायचा मुद्दा, मशीनचा पुरावा आला की लोक गप्प होतात हा गैरसमज आहे, त्याचा अर्थ कोण लावतंय त्यावर सगळं.

गोदाकाठ
बापरे. मग एचआरला कागद काय देऊ?

शिरीष_एमएस
ताई, मी स्वतः पेशंट. न्यूरॉलॉजिस्टना एमएफआयएस ही थकवा मोजायची प्रश्नावली भरून घ्यायला सांगा, २१ प्रश्नांचं आहे, ८४ पैकी स्कोअर येतो, ३८ च्या वर गेला की थकवा लक्षणीय धरतात. साधी वाटते पण जगभर रिसर्चमध्ये अशाच प्रश्नावल्या वापरतात, अगदी त्या स्कॅनवाल्यांनाही कोण थकलंय हे शेवटी विचारूनच ठरवावं लागतं. स्कोअर लेटरहेडवर लिहून घ्या. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस नावानिशी आहे, यूडीआयडीसाठी (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) अर्ज करता येतो, दिव्यांगत्वाचे टक्के किती देतात ते तपासणीवर. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, झोप, डिप्रेशन हे बघून घ्या, बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) चालू असेल तर त्यानेही माणूस गळून जातो. थकव्याच्या गोळ्यांवर फार भिस्त ठेवू नका, अमँटाडिन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट तिन्ही २०२१ च्या ट्रायलमध्ये प्लासिबोपेक्षा (औषध नसलेली नकली गोळी) सरस ठरल्या नाहीत.

गोदाकाठ
बॅक्लोफेन आहे तिचं, तीन वेळा! हे कोणी बोललंच नव्हतं. पुढच्या अपॉइंटमेंटला विचारते, डोस मनाने कमी करणार नाही. क्लिनिकला नको म्हणून कळवलं तर आता पॅकेज अर्ध्या किमतीत देतो म्हणतायत.