रेन-ल-शातोच्या इमारतींचा खरा इतिहास कुठे सापडेल?

भटकं_पाखरू:
फ्रान्समधल्या ओद भागातलं रेन-ल-शातो, तेच गाव जिथल्या सोनिएर नावाच्या पाद्रीला म्हणे चर्चच्या खांबात चर्मपत्रं सापडली आणि पुढे खजिना. मला खजिन्यापेक्षा इमारतींत जास्त रस आहे. चर्च, माग्दाला मनोरा आणि बेथानी बंगला, जिथे वाचावं तिथे तिघांची एकच खिचडी करून "प्राचीन रहस्यमय वास्तू" म्हणून टाकलेलं असतं. यातलं कधीचं काय आहे, पैसा कुठून आला, आणि कागद कुठे बघायचे? कोणी नीट शोध घेतलाय का?

जुना_दगड:
आधी तिघांना वेगळं करा, अर्धा गोंधळ तिथेच संपतो. चर्च मुळात मध्ययुगीन, पण आत जे रंगीत पुतळे आणि दाराशी तीर्थाचं भांडं खांद्यावर घेतलेला सैतान दिसतो ते सगळं सोनिएरने करून घेतलेलं, तो १८८५ ला तिथे आला आणि १८९७ पर्यंत डागडुजी चालू होती. मनोरा आणि बंगला तर १९०० नंतरचे, प्राचीन वगैरे काही नाही. बंगला निवृत्त पाद्रींसाठी बांधतोय असं तो सांगायचा, मनोऱ्यात त्याची लायब्ररी होती. दाराच्या वर "ही जागा भयंकर आहे" अशा अर्थाचं लॅटिन वाक्य आहे त्यावरून लोक काय काय रचतात, पण ते बायबलमधलं आहे, याकोबाच्या स्वप्नाच्या गोष्टीतलं, आणि चर्चच्या अर्पणविधीत म्हटलं जातं. तिथे "भयंकर" म्हणजे देवाचा धाक वाटावा अशी जागा, एवढंच.

चोपडी_वाचक:
पैशाचं मी सांगते. १९१०-११ मध्ये बिशपच्या कोर्टाने त्याच्यावर खटला चालवला, आरोप होता मिसा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधी, विकल्याचा. म्हणजे लांबलांबचे लोक त्याला मनीऑर्डरने पैसे पाठवायचे की आमच्या मृत नातेवाईकासाठी प्रार्थना म्हणा, आणि तो एका माणसाला म्हणता येतील त्यापेक्षा कितीतरी जास्त मिसांचे पैसे घेत होता. त्याच्या वह्यांत या मागण्यांच्या नोंदी आहेत. खर्चाचा हिशोब मागितला तेव्हा त्याने स्वतःच साधारण १,९३,००० फ्रँक दाखवले. माझ्या मते इथे सगळ्यात मोलाचा कागद ह्या वह्याच, कारण खजिन्याची गोष्ट रंगायच्या कितीतरी आधी त्या लिहिलेल्या आहेत!

जुना_दगड:
अगदी बरोबर, दंतकथेचं वय काढलंत की सगळं उलगडतं. सोनिएर वारला १९१७ ला. जमीन त्याच्या घरकाम बघणाऱ्या मारी देनारनोच्या नावावर होती, तिने १९४६ ला सगळं नोएल कॉर्बूला विकलं. कॉर्बूने बंगल्यात हॉटेल काढलं आणि १९५६ च्या जानेवारीत तिथल्या पेपरात कास्तीलच्या ब्लांश राणीच्या खजिन्याची लेखमाला आली. म्हणजे बंगल्याला पन्नास वर्षं झाल्यावर. आणि ज्या चर्मपत्रांवर सगळा डोलारा उभा आहे ती १९६० च्या दशकात फिलिप द शेरिसेने बनवली, या गावाची बनावट रहस्यकथा पसरवणाऱ्या पिएर प्लांतारच्या सांगण्यावरून. तो प्रसिद्ध खांब आता म्युझियममध्ये आहे, पोकळ नाहीये, वरती एक छोटीशी खाच आहे फक्त. एवढ्याशा खाचेत चर्मपत्रांचं भेंडोळं मावेल का ते तुम्हीच बघा.

नकाशा_वेडा:
कागद कुठे बघायचे ते मी सांगतो. कार्कासोनला ओदचं जिल्हा अभिलेखागार आहे. तिथे १९व्या शतकातले जमीनमोजणीचे जुने नकाशे बघा, बंगल्याच्या जागेवर तेव्हा काय होतं ते त्यात दिसायला हवं. मग १८८२ पासूनची बांधीव मालमत्तेची वेगळी खातेवही असते, नवीन इमारत कर लागायला कधी आली ते तिथे कळतं. आणि मारीच्या नावच्या खरेद्या नोटरीच्या दस्तांत मिळतील, फ्रान्समध्ये ते ७५ वर्षांनी खुले होतात, म्हणजे त्या काळचे आता कोणीही बघू शकतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, सोनिएरच्या काळी चर्च गावाच्या मालकीचं होतं आणि बंगला-मनोरा खाजगी, त्यामुळे दोघांचे कागद एका ठिकाणी शोधाल तर हाती काही लागणार नाही. चर्चची डागडुजी गावाच्या आणि धर्मप्रांताच्या कागदांत, बंगल्याचं सगळं नोटरीकडे.

भटकं_पाखरू:
खूप आभार सगळ्यांचे, मी इतके दिवस तिन्ही इमारतींना एकच धरून वाचत होतो. आधी मारीच्या नावचे दस्त काढतो, कुठला तुकडा कधी घेतला ते कळलं की मनोऱ्याची तारीख आपोआप जुळेल असं वाटतंय. वह्यांची पानं कुठे छापून आली असतील तर सांगा हो चोपडी_वाचक ताई.