थेट बसचा हट्ट आणि दर अर्ध्या तासाला येणारी बस

काटकोन
काल इथे लिहिलं गेलं की शहराच्या कडेला वसलेल्या प्रत्येक नव्या वस्तीला मध्यभाग, स्टेशन, औद्योगिक वसाहत आणि मोठं रुग्णालय अशा चारही ठिकाणी थेट बस हवी, गाडी बदलायला लावली की प्रवासी तुटतो. वाचून गप्प बसवेना. याच मागणीपायी ताफ्यांची वाट लागते.

चार वस्त्या, चार ठिकाणं म्हणजे १६ मार्ग. रस्त्यावर ४८ गाड्या, जाऊन-येऊन फेरी ९० मिनिटांची. मार्गाला तीन गाड्या आल्या, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक बस. आता मध्ये एक बदल-थांबा धरा. वस्त्यांकडून तिथवर चार मार्ग, तिथून पुढे चार. मार्ग निम्मे झाले, लांबीही निम्मी. टोकाचा विसावा, म्हणजे शेवटच्या थांब्यावर गाडी उभी ठेवायची वेळ, दोनदा द्यावा लागतो म्हणून फेरी ४५ ऐवजी ५० मिनिटांची. मार्गाला सहा गाड्या, साधारण दर साडेआठ मिनिटांनी बस. थेट बससाठी सरासरी १५ मिनिटं ताटकळायचं, की दोनदा सव्वाचार मिनिटं थांबून मध्ये दोन मिनिटं चालायचं? ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये अख्खं बसजाळं एका रात्रीत असंच सरळ मार्गांचं करून टाकलं. दिवसभर आणि रविवारीही ठरावीक अंतराने बस, हाच त्याचा गाभा होता.

शेवटची फेरी
तुमच्या हिशेबात मोठी खोट आहे. अर्ध्या तासाच्या बसला माणूस १५ मिनिटं आधी येऊन उभा राहतच नाही. तो वेळ बघून घरातून निघतो, चार-पाच मिनिटं आधी पोचतो. बदल-थांब्यावर मात्र त्याला उभं राहावंच लागतं, हातात पिशव्या, कडेवर मूल, वर छप्पर असेलच असं नाही. नियोजनाच्या मॉडेलमध्येही वाट पाहण्याचं मिनिट गाडीतल्या मिनिटाच्या जवळपास दुप्पट धरतात आणि गाडी बदलण्याच्या त्रासापोटी जादा मिनिटांचा ‘दंड’ वेगळा लावतात. तो कुठे गेला तुमच्या बेरजेत? रात्री नऊनंतर तुमची साडेआठ मिनिटं अर्ध्या तासावर येतात, तेव्हा आडवाटेच्या थांब्यावर कोणाला उभं करणार आहात?

भारमान
दोघंही फेरीची वेळ दगडावरची रेघ असल्यासारखी धरताय. खरा घोळ तिथेच आहे. १८ किलोमीटरचा मार्ग, ताशी १६ चा वेग, एका बाजूला ६८ मिनिटं. दोन्ही टोकांचा मिळून १५ मिनिटांचा विसावा धरला तर चक्र, म्हणजे विसाव्यासकट जाऊन-येऊन पूर्ण फेरी, साधारण १५० मिनिटांचं, दहा मिनिटांच्या अंतराला १५ गाड्या. मग कोणीतरी एक गाडी वाचवायला चक्र १४० वर आणतो आणि एकेका टोकाला जेमतेम दोन मिनिटं उरतात. सकाळी ६८ च्या जागी ७७ लागली की पुढची फेरी सुटतानाच सात मिनिटं उशिरा. मिनिटाला दोन माणसं येणाऱ्या थांब्यावर १४ जादा लोक उभे असतात. माणशी तीन सेकंद धरले तरी त्या एका थांब्यावर आणखी ४२ सेकंद गेले. मागच्या गाडीला माणसंच मिळत नाहीत, ती पळत येऊन हिला चिकटते. वेळापत्रकात १० मिनिटं, रस्त्यावर २० मिनिटांनी दोन गाड्या एकदम. सरासरी वाट पाच मिनिटांची दहा होते, ती थेट मार्गावरही आणि बदलाच्या मार्गावरही.

वळणरस्ता
विसाव्याचं हे कौतुक पुरे झालं. १५० मध्ये १५ मिनिटं म्हणजे १५० गाड्यांच्या ताफ्यातल्या १५ कायम टोकाला उभ्या. लोक लटकत जात असताना हे परवडतं कसं? तीच मिनिटं धावण्याच्या वेळेत घाला.

भारमान
हा सल्ला ज्यांनी ऐकला त्यांची वेळापत्रकं उघडून बघा. धावण्याची वेळ सैल केली की रस्ता मोकळा मिळालेला चालक लवकर पुढे जातो, नाहीतर अधल्यामधल्या थांब्यावर भरलेली गाडी घेऊन नुसता बसून राहतो. दोन मिनिटं उशिरा आलेल्या बसने प्रवाशाचं दोन मिनिटांचं नुकसान होतं. दोन मिनिटं लवकर सुटलेल्या बसने पुढच्या बसपर्यंतची सगळी वेळ जाते. म्हणून सैल वेळ टोकालाच ठेवायची, आणि दहातल्या नऊ फेऱ्या वेळेवर सुटतील एवढी. ‘उभ्या गाड्या’ म्हणून हिणवताय, त्या वेळात चालक पाणी पितो, लघवीला जातो. त्याच्यावर डोळा ठेवून गाडी वाचवू नका.

वळणरस्ता
चालकाच्या हक्काला मी हात लावलेला नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. लवकर सुटण्याचा मुद्दा मान्य. पण सकाळी सहाला तोच मार्ग ५४ मिनिटांत होतो. तेव्हा १०८ अधिक १२, चक्र १२० चं, दहा मिनिटांना १२ गाड्या पुरतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकच धाववेळ छापून ठेवणारे तीन गाड्या फुकट घालवतात, त्याबद्दल एक शब्द नाही तुमचा.

भारमान
त्याबद्दल वाद नाही. दिवसाचे निदान पाच-सहा कालखंड पाडून प्रत्येकाची धाववेळ वेगळी मोजायलाच हवी, आणि रविवारची निराळी.

शेवटची फेरी
विसाव्यावर तुमचं भांडण झालं, माझ्या रात्रीच्या प्रश्नाचं काय?

काटकोन
रात्रीचा आक्षेप रास्त आहे, माझ्या बेरजेत तो नव्हता. रात्री उपाय वेगळा लागतो: सगळ्या गाड्या तासाच्या २५ ते २८ मिनिटांच्या दरम्यान बदल-थांब्यावर येतील, सगळ्या ३० ला सुटतील. स्वित्झर्लंडची रेल्वे १९८२ पासून अशाच ठरावीक तालावर चालते. त्यासाठी चक्र ३० च्या पटीत बसवावं लागतं, म्हणजे माझं ५० चं ६० होईल. मार्गाला दोन गाड्या, आठ मार्गांना १६. दिवसाच्या ४८ मधून हे सहज निघतं. दंडाचंही घेतो: ज्या वस्तीतून ज्या ठिकाणी सर्वात जास्त लोक जातात, ती जोडी बदल-थांब्यावर न तोडता तीच गाडी पुढे न्यायची. बाकीच्यांनी बदलायचं, पण एकाच तिकिटावर. दोनदा भाडं घेणार असाल तर माझी योजना राबवूच नका.

शेवटची फेरी
जोड्या न तोडण्याचं आधी लिहिलं असतं तर एवढं भांडलेच नसते. एक राहिलं. रात्रीची शेवटची गाडी बदल-थांब्यावर उशिरा आली तर तिच्यातल्या लोकांना पुढे नेणाऱ्या दुसरीने थांबायचं की नाही? चालकाला ‘जमलं तर थांब’ सांगून भागत नाही. वेळ झाली की तो सुटणार, कारण उशीर त्याच्या नावावर पडतो. शेवटच्या फेरीसाठी सात मिनिटांपर्यंत थांबायचं आणि तो उशीर त्याच्या खात्यावर धरायचा नाही, हे ड्यूटीच्या कागदावर लिहून द्या. मग थेट बसची मागणी मी मागे घेते, मोठ्या रुग्णालयाची सोडून.

काटकोन
सात मिनिटं मान्य. रुग्णालयाची तेवढी थेट ठेवू, पण दिवसा. रात्री तिलाही ३० च्या ठोक्यावर बदल-थांब्यावरूनच जावं लागेल.