एसएसबीला (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीला) जायच्या आधी क्लास लावायचा का? माझं मत : नको

रानवाटा
एनडीए किंवा सीडीएस या सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षांची लेखी निघाली रे निघाली की लगेच विषय सुरू, आता एसएसबीचा क्लास कुठला लावायचा. पंधरा दिवसांचा क्रॅश कोर्स म्हणजे पैसे देऊन स्वतःवर शिक्का मारून घेणं आहे असं माझं ठाम मत. एसएसबीला पाच दिवस तुम्हाला तीन वेगवेगळी माणसं तपासतात. सायकॉलॉजिस्ट फक्त तुमचं लिहिलेलं वाचतो, जीटीओ (गटाकडून कामं करून घेणारा अधिकारी) मैदानावर बघतो आणि मुलाखत घेणारा अधिकारी समोर बसवून बोलतं करतो. शेवटी कॉन्फरन्सला तिघांचं चित्र जुळतंय का ते बघतात. आता क्लासवाल्याने दिलेला नेता तुम्ही कागदावर उतरवला आणि मैदानावर फळी कुठे ठेवायची तेही सुचेना, तर कोणाला कळणार नाही का? वॅटमध्ये (शब्द दिसला की वाक्य लिहायचं) ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. फेल्युअर शब्द आला की अर्धी खोली अपयश ही यशाची पहिली पायरी हेच इंग्रजीत लिहून मोकळी. टॅटमधे (चित्र बघून गोष्ट लिहायची) पण तेच, सगळ्यांचा हिरो पूरग्रस्तांना वाचवणारा कॅप्टन. वाचणाऱ्याची दया येते.

गावाकडचा
असहमत. हे सगळं कॉन्व्हेंटमधून आलेल्यांनी बोलायला ठीक आहे. ज्याने बारावीपर्यंत मराठीत शिकून लेखी काढली, त्याला पीपीडीटी (पहिल्या दिवशीची चाळणी चाचणी) म्हणजे काय हे तिथे जाऊन कळायचं का? अंधुक चित्र ३० सेकंद दिसतं, मग गोष्ट लिहायची, नंतर ती अनोळखी ग्रुपसमोर इंग्रजीत सांगायची आणि मग चर्चा, जिला पोरं स्वतःच फिश मार्केट म्हणतात. त्या गोंगाटात पहिलं वाक्य तोंडातून निघेपर्यंत वेळ संपतो आणि संध्याकाळच्या आत घरी परत, कारण या स्क्रीनिंगमध्ये बाहेर पडलात की पुढचे चार दिवस तुमच्यासाठी नाहीतच. क्लासमध्ये निदान तोंड उघडायची सवय होते. आणि ट्रेनिंगने काही होतच नसतं तर सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला एसपीआय (एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) काढलीच कशाला?

रानवाटा
@गावाकडचा एसपीआयचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. दहावीनंतर मुलं घेतात, अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथेच ठेवतात, रोज मैदान, रोज बोलणं, शिस्त. दोन वर्षांत माणूस खरंच बदलतो, पंधरा दिवसांत फक्त उत्तरं बदलतात. माझा विरोध त्या पंधरा दिवसांना आहे.

टिवल्याबावल्या
दोघांनाही +१, आता भांडा :)
बाकी पीजीटीचे (मैदानावर गटाने अडथळे पार करायचे असतात त्याचे) नियम मात्र कुठूनतरी आधी समजून घ्या, लाल रंगाला हात-पाय-सामान काहीच लावायचं नाही वगैरे. अर्ध्या तासाच्या व्हिडिओचं काम आहे ते.

कडक_इस्त्री
मला दोघांचं अर्धं अर्धं पटतं पण मुख्य गोष्ट कोणी बोललंच नाही. पीआयक्यू, म्हणजे स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म! तो भरताना पोरं रेल्वे रिझर्व्हेशनचा फॉर्म भरल्यासारखी भरतात आणि मुलाखतीचा निम्मा पेपर त्यातूनच येतो. मार्क, खेळ, छंद, घरचे काय करतात, कुठली जबाबदारी घेतली, सगळं तुम्हीच लिहून दिलेलं असतं. मग प्रश्नांची माळ लागते, दहावीला किती, बारावीला का घसरले, कुठले शिक्षक आवडायचे, कुठले नाही, का नाही, मित्रांना तुमचं काय खटकतं, वडिलांशी कशावर वाद होतो... सगळं एका दमात विचारतात आणि मग गप्प बसून ऐकतात. इथे पाठांतर चालत नाही कारण पुढचा प्रश्न तुमच्याच उत्तरातून निघतो. मी एका मुलाची तयारी घेतली होती, छंद लिहिला वाचन. म्हटलं शेवटचं काय वाचलं? शांतता. म्हटलं मग खोड की राजा.

गावाकडचा
बघा, म्हणजे तुम्ही तयारी घेतलीत ना त्याची? तेच तर म्हणतोय मी, कोणीतरी समोर बसून विचारणारं लागतं. ज्याच्या घरात नात्यात कोणी फौजेत नाही त्याने कोणाकडे जायचं? तुमच्यासारखे काका प्रत्येकाला नसतात, म्हणून क्लास.

रानवाटा
हा मुद्दा मान्य. पण मग क्लासच्या आधी नाशिकरोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे तिकडे चौकशी करा की, एसएसबीच्या तयारीसाठीच आहे ते आणि मराठी पोरांना माहीतच नसतं. इंग्रजीचं म्हणाल तर सहा महिने आधीपासून रोज एक बातमी मोठ्याने सांगा, कोणालाही. साधं इंग्रजी चालतं, अडखळलं तरी चालतं, आव आणलेला ॲक्सेंट मात्र लगेच कळतो.

मुलीची_आई
माझी लेक सीडीएसची लेखी पास झालीये म्हणून वाचतेय. रानवाटा, तुमचं सगळं पटतं पण सहा महिने आधीपासून म्हणताय, कॉल आला की हातात उरतात काही आठवडे. तेव्हा काय करायचं ते सांगा ना.

कडक_इस्त्री
ताई, तिला पीआयक्यूमध्ये जे जे लिहायचंय ते आज कागदावर काढायला सांगा आणि प्रत्येक ओळीवर घरातल्या कोणीतरी, शक्यतो फारसे लाड न करणाऱ्याने, का आणि कसं विचारावं. वॅट, एसआरटी (प्रसंग दिला की काय कराल ते लिहायचं) घड्याळ लावून रोज एकदा. एसआरटीला ३० मिनिटांत ६० प्रसंग असतात, तिथे निबंध लिहायला वेळ नसतो. आणि पळायला जाऊ द्या, पाच दिवसांत अंगात त्राण लागतं.

गावाकडचा
आणि ताई, जमलं तर आठ-दहा मुलामुलींमध्ये ग्रुप डिस्कशन पण करवा. ते घरात नाही होत. रानवाटा काहीही म्हणोत.

रानवाटा
करवा की. पैसे देऊनच करवायला हवं असं कुठाय?