विषय: लंडनला गॅरंटर हवाय, भाचीसाठी, अर्जंट

दांडिया बाजारच्या मावशी, बडोदा:
मंडळी, गुरुवारपर्यंत कळवायचंय म्हणून सगळ्यांनाच लिहितेय. माझी भाची, फाइन आर्ट्सवाली, गणपतीची सजावट केलेली तीच, मास्टर्सला गेलीय आणि खोली मिळत नाहीये. एजंट फोनवर म्हणतो या बघायला, ही दारात उभी राहिली की म्हणतो आत्ताच गेली, आणि वर्गातल्या गोऱ्या मुलीने तासाभराने फोन केला तर तीच खोली रिकामी! आता दुसरी एक मिळतेय पण मालकाला तिथलाच गॅरंटर पाहिजे. हॅरोवाले काका सही करतील का?

हॅरोचे काका:
ताई, ही सही म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे. भाडं थकलं की माझ्याकडून वसूल होणार, आणि चार मुली एकाच करारावर असतील तर चौघींचंही माझ्या गळ्यात येऊ शकतं. करार आधी पाठवा. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागत असेल तर देऊ नका, २०१९ चा कायदा आहे, आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये जायला हवं. पण वेम्बलीला आपल्या लोकांत का नाही बघत? एकटी मुलगी, रात्री स्टेशनवरून चालत यायचं.

सचिव:
खोल्यांच्या जाहिराती इथे नकोत हे नवरात्राच्या मीटिंगमध्ये ठरलंय. वेगळी यादी मी स्वतः बनवलीय, कृपया तिकडे टाका.

रावपुऱ्याची, सध्या ईस्ट लंडन:
सचिवकाका, ही जाहिरात नाही हो, पोरीला छप्पर नाहीये. आणि काका, वेम्बलीत मी खोली बघायला गेले तर आपल्याच देशाच्या बाईंनी आधी आडनाव विचारलं, मग अंडं खातेस का, हो म्हटल्यावर विषय संपला. मावशी, रंगावरून खोली नाकारणं २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे बेकायदेशीर आहे, तिला सांगा तारीख, वेळ, एजंटचे मेसेज, मैत्रिणीच्या कॉलचा स्क्रीनशॉट सगळं ठेव आणि स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात जा. काही युनिव्हर्सिट्या स्वतःच गॅरंटर राहतात, तेही तिथेच विचारायचं. ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, एकाने माझी वेणी उचलून हातात तोलून बघितली, खरी आहे का म्हणे, आणि सगळा डबा फोनमध्ये डोकं घालून बसलेला. मी तिथूनच ६१०१६ वर मेसेज केला, तो ट्रान्सपोर्ट पोलिसांचा नंबर आहे, पोरीच्या फोनमध्ये आजच सेव्ह करायला लावा.

कारेलीबागचे आजोबा:
बाळ, वेणी अजिबात कापू नकोस. आपल्या देशाच्या बाईंचं वाचून वाईट वाटलं, पण नवल नाही. गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले, त्यांना या शहराने खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ कमाटी बागेत काढावा लागला. आपण रोज सकाळी फिरायला जातो तीच बाग.

फतेगंजच्या काकू:
आजोबा, आणि आजही तेच चाललंय! आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी एका आफ्रिकन मुलीला भाड्याने द्यायला कमिटी नाही म्हणाली, युनिव्हर्सिटीत शिकणारी, इतकी शांत पोर, मी एकटीच भांडले. आता लंडनच्या एजंटला नावं ठेवतोय ते ठेवायलाच हवीत, पण पुढच्या मीटिंगला हाही विषय घ्या.

सचिव:
अजेंडा पाठवून झालाय. इतर विषयांत घेतो. आणि मावशी, तुमचं पत्र इथेच राहू दे.

हॅरोचे काका:
ताई, करार मिळाला, खोली तिच्या एकटीच्या नावावर आहे, ते बरं झालं. एजंटने दिलेल्या गॅरंटीच्या कागदावर मुदतच नाहीये, बारा महिने आणि एवढीच रक्कम असं त्यात लिहून घ्यायला सांगा, मग मी सही करतो. युनिव्हर्सिटीलाही विचारूच दे. आणि त्या पहिल्या एजंटची तक्रार सोडायची नाही, रविवारी तिला आमच्याकडे पाठवा, बसून लिहू.

दांडिया बाजारच्या मावशी:
काका, फार मोठं काम केलंत! एजंटला आत्ताच लिहायला लावते. तुमचा पत्त्याचा पुरावा मागतायत, लाइटबिल चालेल का ते विचारून रात्री फोन करते.