गीझर बदलण्याआधी एकदा उघडून पाहा

भाऊ, १५ लिटरचा गीझर दोन वर्षांतच पाणी नीट तापवत नाही, म्हणून नवा घ्यायचा म्हणता. थांबा, आधी व्होल्टेज मोजा. रब्बीच्या मोटारी सुरू असताना ते १८० वर आलं, तर २००० वॉटचं एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) जेमतेम १२०० वॉट देतं. नवा गीझरही तसाच वागेल.

व्होल्टेज ठीक असेल तर दोष बहुधा बोअरच्या क्षारांचा. एमसीबी बंद करा, आवकीचा कॉक बंद करा, टाकी रिकामी करून फ्लँज, म्हणजे एलिमेंट बसवलेलं झाकण, उघडा. एलिमेंटवर पांढरा, खरबरीत थर बसला असेल तर हातोडीनं ठोकू नका; बाहेरची नळी चिरते आणि करंट पाण्यात उतरतो. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून त्यात बुडवा, फक्त टर्मिनल कोरडे ठेवा. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड आत असतो; तो तारेइतका उरला असेल तर बदलाच, नाहीतर टाकी सडते. झाकणाखालचं रबरी गॅस्केट नवीनच घाला. गरम नळाला सलग धार आल्याशिवाय बटण दाबू नका, कोरडं एलिमेंट लगेच जळतं. थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवा.

आणि हो, तापताना सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब-थेंब गळतो म्हणून त्याला एम-सील लावू नका. तापलेलं पाणी फुगतं, त्याची ती वाट आहे. टाकीच्या बुडातूनच गळत असेल, तर मात्र नवा घ्या.